न पाहिलेला पाय

चामखिळीचं औषध विकायला सोपं. टोपणालाच ब्रश लावलेली छोटी बाटली, पायासाठी असेल तर कॉर्न कॅप. गिऱ्हाईक जरा लाजत मागतं, आपण पाकीट काढून देतो. वसईत मेडिकल चालवताना मी ती वर्षानुवर्षं दिली. लोक मला डॉक्टर म्हणायचे. शिक्षण फार्मसीच्या डिप्लोमाचं, तरी त्या हाकेला मी ओ देत गेलो. बाकीच्या चुका तिथूनच सुरू झाल्या.

पाचूबंदरच्या एक मावशी बाजारात मासळी घेऊन बसायच्या. मासळी साफ करणाऱ्यांच्या, मटण कापणाऱ्यांच्या हातांवर चामखिळी जास्त दिसतात. कातडी सतत ओली, बारीक चिरा पडलेली. एचपीव्ही विषाणूला शिरायला तेवढी वाट पुरते. हे मला माहीत होतं, आणि त्या माहितीनेच घात केला. मावशी म्हणाल्या, “तळपायाला काहीतरी टोचतंय, चामखीळ असेल.” मी मागे वळून कॉर्न कॅप काढली. पाय पाहिला नाही. काउंटरपुढे स्टूल होतं. पण लोकल येऊन गेली होती, दुकानात गर्दी होती.

भोवरी वरून दाबली की दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. चामखिळीवर कातडीच्या रेषा तुटतात, वरचा थर खरवडला की गोठलेल्या रक्तवाहिन्यांचे काळे ठिपके दिसतात. एवढं मला ओळखता येत होतं. आणि “शुगर आहे का?” हे तर विचारायचीही गरज नव्हती. मावशींच्या शुगरच्या गोळ्या त्यांचा मुलगा दर महिन्याला माझ्याच दुकानातून नेत होता.

कॉर्न कॅपमध्ये साधारण 40 टक्के सॅलिसिलिक अॅसिड असतं. ते विषाणूला मारत नाही. कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा सांधा ते सैल करतं आणि थरामागून थर सुटत जातो. चामखीळ कुठली आणि निरोगी कातडी कुठली, हे त्याला कळत नाही. ते वापरणाऱ्याला कळावं लागतं. जळजळलं की माणूस थांबतो. मधुमेहाने पायाची जाणीव बोथट झाली असेल तर थांबवणारं काही उरत नाही. दुखत नाही म्हणजे गुण येतोय, असं समजून मावशी कॅपवर कॅप लावत गेल्या आणि नवी पाकिटं मीच देत गेलो. मधुमेहींनी वापरू नये, हे आतल्या कागदावर छापलेलं होतं.

जखम हाडापर्यंत गेली. पायाची करंगळी काढावी लागली. नारळी पौर्णिमा झाली, बोटी समुद्रात गेल्या, बाजार मासळीने भरला आणि मावशींची जागा दुसऱ्या कुणी घेतली. मी घरी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टर, तुमचा काय दोष? शुगर माझी.” खरं काय ते तिथेच सांगायला हवं होतं. मी चहा पिऊन परत आलो.

दुसरी चूक नालासोपाऱ्याच्या एका मुलाच्या बाबतीत. मानेवर मोत्यासारखे दाणे, मधोमध खळगा. ते मोलस्कम, देवीच्या विषाणूच्या कुळातला हा विषाणू, बहुतेक मुलांत काही महिन्यांनी आपोआप जाणारा. मी गजकर्णावर खपणारी ट्यूब दिली, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली. खाज थांबली म्हणून त्याची आई खूश झाली. मग दाणे छातीवर उतरले, कारण स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्तीच दाबली होती. 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तेव्हा धंदा बुडेल म्हणून जे ओरडले, त्यांत मी होतो. त्या मुलाची छाती पाहिल्यानंतरही होतो.

मावशींच्या मुलाला मी सगळं सांगितलं ते खूप उशिरा. पाकिटातल्या कागदावरची सूचना, त्याच्याच हातात दिलेल्या गोळ्या, न पाहिलेला पाय. त्याने ऐकून घेतलं. “आईला सांगू नका,” तो म्हणाला, “तिचा तुमच्यावर भरवसा आहे.” पुढच्या महिन्यापासून तो गोळ्या दुसऱ्या दुकानातून नेऊ लागला.