तीन रेघांचा मॅग्नेटोग्राम

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत मॅग्नेटोग्राम जन्माला येई तो अंधारात. टांगलेल्या चुंबकाला इवलासा आरसा, आरशावर दिव्याची तिरीप, समोर चोवीस तासांत एक फेरी घेणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला फोटोचा कागद. चुंबक केसभर हलला की तिरीप सरके. कागद धुतला की पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या काळ्या रेघा उमटत: एक आडव्या बलाची, एक उभ्या बलाची, एक दिशेची.

स्वभावानं हा भारी हळवा. मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. पण मुंबईत ट्राम विजेवर धावणार, विजेच्या प्रवाहानंही चुंबक हलणार, म्हणजे तिथे याचा निभाव लागणं कठीण. कुलाबा वेधशाळेचे संचालक डॉ. मूस यांनी अलिबागचा किनारा निवडला, लोखंड टाळून इमारत उभी केली आणि १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालवल्या. जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा त्यामुळेच जुळला. या धोरणीपणाचं मला फार मोल वाटतं.

शांत दिवशी आडव्या बलाची रेघ सकाळी चढते, दुपारच्या सुमारास माथा गाठते आणि सावकाश उतरते. चुंबकीय वादळात मात्र ती एकदम उसळी मारते, मग खोल कोसळते. सावरायला कधी कधी कित्येक दिवस घेते. तिरीप फार वेगानं पळाली तर रेघ फिकट होते. ते फिकटपणही वाचता येतं. याच कागदावरून तासातासाच्या सरासरीचे तक्ते निघाले. हिशेबाला सोयीचे खरे, पण मधले झटके त्यांत विरून गेले. आजच्या संगणकी फाइलीत अलिबागचं सांकेतिक नाव एबीजी. नोंद हुकली की तिथे ९९९९९ बसतो. काय घडलं, ते त्या आकड्याला सांगता येत नाही.

१८५९च्या सप्टेंबरातलं प्रचंड वादळ कुलाब्यात टिपलं गेलं ते माणसानं डोळ्यांनी वाचून, हातानं लिहून. त्याच वहीतल्या आकड्यांवरून २००३ साली संशोधकांनी तिथल्या आडव्या बलाची घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला काढली. वही, कागद, तक्ता, फाइल, प्रत्येकाकडे दुसऱ्याजवळ नसलेलं काहीतरी असतं, म्हणून सगळीच जपायला हवीत. मॅग्नेटोग्राम स्कॅन करताना कडेची तारीख, आधाररेषेची किंमत आणि मापाचं प्रमाण सुटलं, तर उरते ती नुसती वळणदार रेघ. कडा कापलेली प्रत मी पुरी धरणार नाही.