रामपूरचा चाकू

मुरादाबाद मागे पडले तेव्हा गाडीतल्या शेजाऱ्यांनी विचारले, "कुठे उतरणार?"

"रामपूर," आम्ही म्हणालो. ते हसले आणि हवेतच चाकू उघडल्याची खूण केली. रामपूरची ओळख बहुतेकांसाठी या एका खुणेत संपते.

आमच्या ओळखीचा चाकू वेगळा होता. तो दादांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, सदऱ्याच्या खिशात असे. कोकणात खाडीकाठच्या आमच्या गावी ते मुलांना उर्दू शिकवत. चाकू साधाच होता, लाकडी मुठीचा, मिटता, बोटभर पात्याचा. त्याने ते कैरी चिरत, पोत्याची सुतळी कापत आणि आमचे बोरू करून देत. आधी तासायचे, मग मधोमध बारीक चीर द्यायची, शेवटी टोक एका घावात तिरपे कापायचे. या कापाला उर्दूत 'कत' म्हणतात. नस्तालीक लिहिणारे अक्षरांची मापेही कतानेच मोजतात. अलिफ तीन कत उंच. दादा म्हणत, "धार बोथट असेल तर अक्षरही बोथट येतं."

दादा गेले, त्यांचा चाकूही कुठेतरी हरवला. तसाच एखादा मिळावा, म्हणून सुटीत नववीतल्या मुलाला घेऊन आम्ही इथवर आलो होतो.

शहरात एका चौकात सुमारे २० फुटी चाकूच उभा केलेला आहे, २०२३ साली. मुलाने लगेच फोटो काढला. बाजारातल्या दुकानात मात्र काचेखाली मोजकेच चाकू होते. पितळी मूठ, कुणाला माशाचा आकार, पाते जागेवर अडकवणारा खटका. वयस्कर दुकानदाराने एक उघडून दाखवला. तो कट्ट आवाज ऐकून मुलाचे डोळे चमकले.

"चित्रपटांनी आमचं नाव केलं आणि बदनामही केलं," ते म्हणाले. खरेच आहे. १९६५ च्या 'वक्त'मधला राजकुमारचा चाकूवरचा संवाद अजून लोकांच्या तोंडी आहे. पुढे गुंडाच्या हातात रामपुरी हवाच, असे ठरून गेले. १९९० च्या दशकात सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यावर बंदी घातली. "हात तोच आहे मास्टरसाहेब, गिऱ्हाईक गेलं. मुलं दुसऱ्या कामाला लागली."

आम्ही तीन इंची पात्याचा चाकू निवडला. पैसे काढताना हात थांबला. वाटेत कुणी पिशवी तपासली, तर? चाकू, तोही रामपूरचा, आणि आमचे नाव. दादांना हा विचार कधी करावा लागला नव्हता. आम्ही "उद्या येतो" म्हणून निघालो. मुलगा काही बोलला नाही. ते न बोलणे आम्हाला जास्त लागले.

दुपारी रझा लायब्ररी पाहिली. १७७४ मध्ये नवाब फैजुल्ला खान यांनी सुरू केलेला हा संग्रह आज हामिद मंझिलच्या भव्य इमारतीत आहे. अरबी, फारसी, उर्दू, संस्कृत अशी हजारो हस्तलिखिते. नस्तालीकच्या एका पानासमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलो. जाड रेघ हळूहळू केसाएवढी बारीक होत गेलेली. मुलाने हळूच विचारले, "अब्बा, हे लिहायच्या आधी कुणीतरी चाकूनेच कलम कापली असेल ना?"

कातिबाच्या पेटीत कलमेशेजारी चाकू असायचाच. त्याचे नावच कलमतराश. चाकूचा आणि ज्ञानाचा एवढा जुना शेजार असताना आम्ही त्याला फक्त भीतीच्या खात्यात का टाकून दिले होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दुकानात गेलो. चाकू घेतला, पावती घेतली आणि दोन्ही बॅगेच्या तळाशी ठेवले. मुलाला बजावले, "हा शाळेत न्यायचा नाही, कुणावर उगारायचा नाही, गमतीतसुद्धा नाही." आम्ही निघालो तेव्हा दुकानदार म्हणाले, "वापरत राहा. ठेवून दिला तर गंजेल."

घरी आल्यावर पहिला बोरू मुलानेच तासला. दोन फुकट गेले, तिसऱ्याला कत जमला. त्याने एका ओळीत उर्दूत दादांचे नाव लिहिले, खाली मराठीत. शाईचे डाग पडले होते, अक्षर मात्र बोथट नव्हते.

चाकू आता टेबलावर दौतीशेजारी असतो. दर जुम्म्याला त्याला तेलाचा एक थेंब मिळतो.