बोटीवरचं घड्याळ आणि आपला सूर्यास्त



डिसेंबरात मुलाने आम्हाला दुबईहून दोहाला बोटीने नेलं. मला घोर एकच, रात्रिभोजन त्यागाचा नियम पाळायचा कसा? आदल्या संध्याकाळी खोलीत चिठ्ठी आली: झोपताना घड्याळ एक तास मागे घ्या. दिवस 25 तासांचा; परतताना 23 तासांचा. जमा-खर्च बरोबर! पण दोहाला तेव्हा सूर्य पाचच्या आतच मावळतो. दोन घटका आधी, म्हणून चारलाच जेवलो.

आपलं घड्याळ तरी कुठे हिंगोलीच्या सूर्याचं आहे? ते 82.5 अंश रेखांशाचं. आपल्याकडे सूर्य सरासरी 21 मिनिटं उशिराच माथ्यावर येतो. तास कप्तान बदलतो, नियम मात्र सूर्याशी बांधलेला. निघण्याआधी प्रत्येक मुक्कामाचा सूर्योदय-सूर्यास्त तेवढा लिहून घ्या.