सयामची भेट : शोभेची की उपयोगाची?

परदेशाहून आणलेल्या वस्तूंचे वाटप होते, कौतुक होते आणि आठ-पंधरा दिवसांत त्यांतील बहुतेक कपाटात धूळ खात पडतात, असा अनुभव कोणत्या कुटुंबास नाही? १९३९ पर्यंत सयाम या नावाने ओळखला जाणारा थायलंड आता आपल्या मध्यमवर्गीय मंडळींच्याही आवाक्यात आला आहे. तेथील बाजार मन मोहून टाकणारा खराच. परंतु पैसे मोजण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःस विचारावा : ही वस्तू आपल्या घरात कोण व कशासाठी वापरील?

प्रथम स्वयंपाकघर घेऊ. बँकॉकच्या आग्नेयेस चोनबुरी प्रांतात, समुद्रकाठी, आंग सिला नावाचे गाव आहे. त्यातील ‘सिला’ म्हणजे आपली शिलाच. येथील ग्रॅनाइटचे खलबत्ते त्या देशात नावाजलेले आहेत. वजन भारी, म्हणून मध्यम आकाराचाच घ्यावा. आणि वापरण्यापूर्वी मूठभर तांदूळ त्यात दोन-चारदा कुटून दगडाची कच काढून टाकावी. मातीचा खल व लाकडी बत्ता दिसण्यात मोहक असतो. पण तो कच्च्या पपईच्या कोशिंबिरीसाठी, हलक्या हाताने कुटण्याकरिता आहे. आपल्या मसाल्यांपुढे त्याचा टिकाव लागणार नाही.

तयार वाटणाच्या डब्या घेताना शाकाहारी गृहिणींनी फार जपावे. त्यांपैकी पुष्कळांत सुक्या कोळंबीचा अंश असतो. पिवळ्या रंगावर तांबड्या अक्षरांत ‘जे’ या उच्चाराची खूण असेल, तरच डबी उचलावी. गंमत अशी की, या ‘जे’ आहारात मांसमत्स्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य आहे. म्हणजे आपला चातुर्मासच म्हणा ना!

आता वस्त्रे. ‘फाखाओमा’ हे चौकडीचे सुती वस्त्र आपल्या पंच्याचे सख्खे भावंड शोभेल. तेथील खेडूत ते नेसून स्नान करतो, त्याने अंग पुसतो, डोक्यास गुंडाळतो, कमरेस बांधतो, इतकेच नव्हे तर त्याची झोळी करून मूलही निजवितो. ते वजनास हलके व किमतीस माफक असते. एकत्र कुटुंबात या गुणाचे मोल मोठे आहे. एका जावेस रेशीम आणि दुसरीस किल्ल्यांची साखळी दिली, तर त्या भेटीने आनंदापेक्षा सल अधिक निर्माण होतो. सर्वांस सारखे देता येईल असे निवडणे, हीच खरी व्यवहारचातुरी.

रेशीम घ्यावयाचेच, तर पारखून घ्यावे. जिम टॉम्पसन या अमेरिकन गृहस्थाने १९४८ मध्ये कंपनी काढून थाई रेशमास जगाच्या बाजारात नेले. १९६७ मध्ये तो मलेशियाच्या डोंगराळ भागात फिरावयास गेला, तो परतलाच नाही! अस्सल मालावर तेथील सरकारची मोराची मुद्रा असते. सोनेरी मोर म्हणजे देशी किड्यांचे, हाताने काढलेले व हातमागावर विणलेले रेशीम; हिरवा मोर असल्यास इतर धाग्यांचे मिश्रण समजावे. देवघरात सोवळ्यास वापरण्याच्या हेतूने घेणाऱ्यांनी हा भेद अवश्य ध्यानी धरावा.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. बुद्धमूर्ती त्या देशाबाहेर नेण्यास तेथील ललितकला खात्याचा परवाना लागतो. शिवाय जी मूर्ती कोणाचे दैवत आहे, ती दिवाणखान्याच्या शोभेसाठी आणणे आपल्या संस्कारांसही शोभत नाही. हस्तिदंताच्या वस्तूंस तर हातही लावू नये. कायद्याचा भंग तो भंग, आणि मुक्या प्राण्याच्या हत्येस हातभार तो निराळाच.

रोजच्या वापराने झिजणारी भेटच दीर्घकाळ स्मरणात राहते. खलबत्त्यात चटणी कुटताना किंवा तान्ह्यास झोळीत निजविताना तो दूरचा देश घरातल्या बोलण्यात सहज येत राहील. आणि ज्या पाथरवटाने वा विणकराने ती वस्तू घडविली, त्याच्या श्रमांचेही चीज होईल.