अडतीस पूर्णांक दोन

अकरावीचं माझं भौतिकशास्त्राचं जर्नल अजून माझ्याकडे आहे. साध्या दोलकाच्या पानावर जीची, म्हणजे गुरुत्वत्वरणाची, किंमत मी लिहिली आहे १०.८२. त्यावर लाल फुली आणि बाजूला सरांच्या अक्षरात ९.८. ‘असलं उत्तर येतं का कुठं? शेजारणीचं बघून लिही आणि सही घेऊन जा,’ असं सर सगळ्या बॅचसमोर म्हणाले होते. एक मीटर दोऱ्याला वीस दोलनांना ३८.२ सेकंद लागले होते. दोरा ८० सेंटिमीटर केला, साठ केला, तरी उत्तर १०.८ च्या आसपासच. शेवटी मी शेजारणीचं बघून लिहिलं.

बारावीला भौतिकशास्त्रातच नापास झाले. ऑक्टोबरला सुटले, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी एटीकेटी लागली, पुढे एम.एस्सी., बी.एड. झालं आणि विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागले. ज्या विषयात गचकलीस तोच शिकवणार का, असं घरच्यांनी विचारलं होतं. मला नीट सांगता आलं नाही, आजही येत नाही.

शिकवायला लागून सहा-सात वर्षं झाल्यावर एक मुलगी जर्नल घेऊन आली. उत्तर १०.८६. माझं काळीज लक्कन हललं. म्हटलं, माझ्यासमोर करून दाखव. तिने बॉब बाजूला ओढला, सोडला, स्टॉपवॉच दाबलं आणि त्याच क्षणी म्हणाली, ‘एक.’

सोडतानाच एक! म्हणजे ‘वीस’ म्हणेपर्यंत दोलनं झालेली असतात एकोणीस, आणि वेळेला आपण भागतो विसाने. आवर्तकाल कमी भरतो, सूत्रात त्याचा वर्ग छेदात, म्हणून जी जवळजवळ अकरा टक्क्यांनी फुगतो. दोरा कितीही घ्या, तेवढाच फुगतो. त्या रात्री माझं जुनं जर्नल काढलं आणि ३८.२ ला एकोणिसाने भागलं. जी आला ९.७७. आपल्याकडे तो साधारण ९.७८ असतो. म्हणजे माझा हात, माझं घड्याळ, माझा दोरा, सगळं चोख होतं. सरांनी ‘मोजून दाखव’ एवढं म्हटलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. दोन मिनिटं! मी कितीतरी वर्षं स्वतःला प्रयोगात कच्ची समजत होते.

१६७२ साली ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत केयेनला गेला, तेव्हा त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, म्हणजे तिथे जी कमी भरत होता. त्याने पॅरिसचा आकडा लिहून टाकला नाही. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, या म्हणण्याला न्यूटनने पुढे त्याच निरीक्षणाचा आधार घेतला. आमच्या लॅबमध्ये रिशेलाही लाल फुलीच मिळाली असती.

आता मी शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. पहिल्याच तासाला दोलक मोजायला लावते, आणि सोडताना ‘एक’ म्हणणारे दोघे-तिघे तिथेही निघतात. त्यांना सांगते, ‘शून्य’ म्हणून सुरुवात करा, बॉब मध्यातून जाताना घड्याळ दाबा, आणि मुलांची रीडिंग खोडू नका.

सरांवरचा राग मात्र पूर्वीसारखा शाबूत राहिलेला नाही. एक लॅब, साठ मुलं, तीन बॅच, आठवड्यावर आलेली परीक्षा. अशा दिवसांत ‘९.८ च्या जवळ आण’ असं मीही म्हटलेलं आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. त्या मुलांपैकी कुणाच्या आकड्यात काय दडलं होतं, ते आता कळायला मार्ग नाही. आणि तरी ते जर्नल उघडलं की ती फुली बघून अजून अंगावर काटा येतो.

त्या मुलीने विचारलं होतं, ‘मॅडम, मग आधीची रीडिंग खोडू?’ मी नको म्हटलं. तिने विसाच्या जागी एकोणीस केलं, खाली दोन ओळींत कारण लिहिलं, नवं उत्तर काढलं. मी सही केली.