घरखर्चाची वही आणि सरकारी पैसा

2024च्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी धारणीहून देडतलाईत आले. दोन्ही गावं एकाच रस्त्यावर, मधे फक्त राज्याची हद्द. दिवाळीनंतर सासूबाईंनी घरखर्चाची वही माझ्याकडे दिली. मी बारावी शिकलेली, म्हणून हिशेब मला जमेल असा सगळ्यांचा समज. बेरीज-वजाबाकी जमत होतीच. पण घरात सरकारकडून काय येतं, कुठून येतं, आणि ते येऊनही महिनाअखेरीला ओढाताण का होते, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. सुरुवात कंट्रोलच्या दुकानापासून केली, कारण तिथलं धान्य निदान डोळ्यांना दिसतं.

माहेरी रेशनकार्ड होतं, इथे पात्रता पर्ची लागते. मशीनवर अंगठा ठेवायचा, पर्चीत जेवढी माणसं तेवढं माणशी 5 किलो धान्य घ्यायचं. अंत्योदयवाल्या घराला 35 किलो. मध्य प्रदेशात हे धान्य आधी रुपया किलोनं मिळे. जानेवारी 2023पासून ते फुकट झालं, आणि पुढे 1 जानेवारी 2024पासून आणखी पाच वर्षांसाठी योजना वाढवली. पर्चीत माझं नाव नव्हतं. दुकानदार म्हणाला, “समग्र सांगा.” मागे रांग उभी, आणि समग्र म्हणजे काय तेच मला कळेना. शेवटी रांगेतल्या एका बाईनं समजावलं: मध्य प्रदेशात कुटुंबाला आठ आकडी आणि प्रत्येक माणसाला नऊ आकडी समग्र क्रमांक असतो. तो काढायचा, माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी करून घ्यायचं, मग इथे चढवायचं. ते होईपर्यंत मी या घरात जेवत होते, पण धान्याच्या हिशेबात कुठल्याच राज्यात नव्हते.

मग लाडली बहना, म्हणजे मध्य प्रदेश सरकारची बायकांना महिन्याला पैसे देणारी योजना. जून 2023मध्ये पहिला हप्ता आला तेव्हा रक्कम 1,000 रुपये होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून 1,250 झाली, आणि नोव्हेंबर 2025पासून 1,500. सासूबाईंना मिळते, तर मलाही मिळेल असं धरून मी कियोस्कवर गेले. तिथल्या मुलानं सांगितलं की 2023च्या ऑगस्टनंतर नवी नावं घेतलीच नाहीत. म्हणजे त्यानंतर लग्न झालेली मी बाहेर. धारणीतल्या माझ्या बहिणीला मात्र महाराष्ट्राची लाडकी बहीण मिळते, कारण ती योजनाच 2024मध्ये सुरू झाली आणि तिनं वेळेत अर्ज भरला. दोन्हीकडे अट सारखीच, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. वयाची मर्यादा मात्र वेगळी: तिकडे 65 वर्षांपर्यंत, इकडे साठीपर्यंत. सासूबाई अठ्ठावन्नच्या आहेत. ज्या वयात औषधं वाढतात त्याच वयात हप्ता थांबणार, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते बरोबर आहे असं मला अजूनही वाटत नाही.

एका महिन्यात हप्ता आलाच नाही. पासबुकावर नोंद नाही, मोबाइलवर संदेश नाही. मला वाटलं नाव कापलं गेलं. बँकेतल्या बाईंनी आधार क्रमांक टाकून पाहिला आणि सांगितलं की पैसे आलेत, दुसऱ्या बँकेत. सरकार हा पैसा खाते क्रमांक बघून पाठवत नाही. आधारला सगळ्यात शेवटी जे खातं जोडलं असेल तिकडे तो जातो. सासूबाईंनी मधे कधीतरी बचत गटाच्या कामासाठी नवं खातं उघडून आधार जोडलं होतं. दोन-तीन खाती असलेल्या कुठल्याही बाईनं हे आधी तपासावं, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात जास्त मी गॅसपाशी अडखळले. लाडली बहना आणि उज्ज्वला योजनेच्या गॅसजोडणीवाल्यांना सिलिंडर 450 रुपयांत, हे 2023पासून सगळ्यांना पाठ आहे. वहीत मी आधीच 450 लिहून ठेवले आणि तेवढेच काढून सासूबाईंच्या हाती दिले. त्या म्हणाल्या, “पोरी, आधी पुरे पैसे द्या लागतात. मंग खात्यात येतात.” म्हणजे साडेआठशेच्या वर रोख मोजायची. उज्ज्वलाचे 300 केंद्राकडून येणार, उरलेला फरक राज्याकडून, तोही नंतर. सवलत खरी आहे आणि ती येते. पण ज्या घरात त्या दिवशी 450च आहेत, त्या घरात सिलिंडर येत नाही, लाकडंच जळतात. आमच्या वाड्यातल्या कोरकू घरांत मी हे पाहते. फरकाची रक्कम सिलिंडरच्या गाडीपाशीच वजा झाली, तर किती चुली विझतील!

हे सगळं येत असताना महागाई दर उतरल्याची बातमी आली. ऑक्टोबर 2025मध्ये तो अवघा 0.25 टक्के होता, महागाई मोजण्याच्या त्या वेळच्या मालिकेतला सर्वात कमी. मी किराणा दुकानात जाऊन तेलाचा भाव विचारला. तो उतरला नव्हता. गावातल्या निवृत्त गुरुजींनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. हा दर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. ऑक्टोबर 2024ला तो 6.21 टक्के होता. म्हणजे त्याच्या वर्षभर आधी 100 रुपयांना मिळणाऱ्या वस्तू 106 रुपये 21 पैशांच्या झाल्या, आणि पुढच्या वर्षी 106 रुपये 48 पैशांच्या. दर उतरला म्हणजे चढण मंदावली, भाव काही मागे 100वर आले नाहीत. शिवाय ही सरासरी. भाजीपाला आणि डाळी उतरल्या म्हणून आकडा खाली आला, तेल चढंच राहिलं.

तेलाचं कारणही गुरुजींनीच सांगितलं. सप्टेंबर 2024मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क सगळं धरून 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के केलं, सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. मे 2025च्या अखेरीस ते 16.5 टक्क्यांवर आणलं, घरच्या फोडणीसाठी. तुरीचं उलट. मे 2021पासून बाहेरची तूर विनाअडथळा येऊ लागली, पुढे तिच्यावरचं शुल्कही माफ झालं, आणि त्या सवलतीची मुदत 31 मार्च 2026पर्यंत होती. त्यानं डाळ स्वस्त राहते. पण आमच्या शेतात कपाशीसोबत तूर असते, आणि 2025मध्ये बाजारातला भाव हमीभावाच्या खाली गेला.

मग मी वहीत पहिल्यांदाच शेताचा हिशेब घराच्या हिशेबाशेजारी मांडला. क्विंटलमागे हजार रुपये कमी पडले, तर दोन क्विंटलमागे 2,000 गेले. लाडली बहनेचा महिन्याचा हप्ता 1,500. स्वस्त डाळीचा फायदा आम्हाला जवळपास नाहीच, कारण आम्ही घरचीच तूर भरडून खातो. शहरातल्या घराला डाळ परवडायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याची किंमत तूर पिकवणाऱ्या घरानं एकट्यानं का द्यावी? 2025-26च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला 8,000 जाहीर केला, तर त्या भावानं खरेदीही वेळेवर आणि जवळ व्हावी.

त्या हंगामाची तूर घरात आली तेव्हा सासऱ्यांनी मलाच विचारलं, आता विकायची की ठेवायची? मला सांगता आलं नाही. शुल्कमाफीची मुदत कधी संपते आणि हमीभाव किती, एवढंच मी सांगितलं. त्यांनी कपाशीच्या खताची उधारी फेडण्यापुरती विकली आणि बाकीची कोठीत भरली.