तगरची पांढर

ज्या जमिनीत जोंधळा पिकतो ती काळी आणि ज्या जमिनीवर माणूस घर बांधून राहतो ती पांढरी, अशी आपल्या गावगाड्याने भूमीची वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. आणि वतनाच्या जुन्या कागदांतून ‘काळी-पांढरी’ ही जोडी ज्या सहजतेने उतरते तीवरून, या दोघींपैकी एकीवाचून दुसरीला अर्थ नाही ही गोष्ट ते कागद लिहिणाऱ्यांच्या मनात किती मुरलेली होती, हे ध्यानात येते. काळीची थोरवी गाणारे पुष्कळ झाले. पांढरीकडे मात्र वाकून पाहणारे थोडे. वास्तविक पांढरी ही नुसती माती नव्हे. पडलेल्या भिंती, विझलेल्या चुलींची राख, फुटलेले रांजण, लेकीबाळींच्या गळ्यातून तुटून घरंगळलेले मणी, पुरलेले आणि पुरणाऱ्याबरोबरच विस्मृतीत गेलेले द्रव्य, हे सारे थरावर थर साचत शतकांच्या ओघात जी टेकडी उभी राहते तिला आपण पांढर म्हणतो. आणि तिच्या माथ्यावर घर बांधून राहणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, सत्तर-ऐंशी पिढ्यांपूर्वीच्या शेजाऱ्यांच्या छपरावर रोज रात्री पाठ टेकत असतो.

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी असलेले तेर हे गाव अशाच पांढरीच्या टेकड्यांनी वेढलेले आहे. वारकऱ्याला ते तेर-ढोकी या जोडनावाने ठाऊक असते, कारण गोरोबाकाका कुंभारांची समाधी येथे आहे. शके 1239, म्हणजे इसवी सन 1317, त्या वर्षीच्या चैत्र वद्य त्रयोदशीला काका येथे समाधिस्थ झाले असे संप्रदाय मानतो, आणि चैत्राच्या त्या उन्हात टाळ-मृदंगांनी सारे गाव दुमदुमून जाते. मीही प्रथम तेरला गेलो तो समाधीच्या दर्शनालाच. परंतु दर्शन आटोपून बाहेर आल्यावर कोणीतरी सहज म्हणाले, “आता आलाच आहात तर लामतुऱ्यांचे संग्रहालयही पाहून जा,” आणि त्या सहज बोललेल्या वाक्याचे ऋण मी आजवर बाळगून आहे.

त्या दालनांत काय आहे हे सांगण्यापूर्वी, ते कोणत्या नगरीचे आहे हे सांगितले पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची आणि मालाची जी हकीकत लिहून ठेवली, आणि जी ‘पेरिप्लस’ या नावाने विद्वानांत प्रसिद्ध आहे, तीत तो सांगतो की भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलेवर पैठण लागते, आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे, जेथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत लादून, जेथे धड रस्ताही नाही अशा मुलखातून, भडोचला जाते. टॉलेमीनेही तगरचा उल्लेख केला आहे. इसवी सन 612 च्या चालुक्य ताम्रपटातील दान घेणारा ब्राह्मण तगरचा राहणारा होता. पुढे शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करू लागले, तगर त्यांच्या ताब्यात उरले नाही, तरी ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी त्यांनी आपल्या बिरुदावलीतून कधी खाली ठेवली नाही. दुरावलेल्या मूळगावाचे नाव आडनावात जपून ठेवणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांना ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही. आणि इतके नाव असलेले हे नगर होते तरी कोठे, हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकातील पंडितांना पडला होता! कोणी देवगिरीकडे बोट दाखविले, कोणी जुन्नरकडे. अखेर 1901 साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे साधार दाखवून दिले, त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी गावात येऊन टेकड्या आणि विटांची प्राचीन देवळे पाहिली, आणि मग नकाशावरील हे नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या नावाशी पुन्हा जोडले गेले. गजपृष्ठाकार छताचे, मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे जाणते ज्याच्याविषयी म्हणतात, ते त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ अजून उभे आहे आणि त्यात अजून दिवा लागतो. दिवा लागत राहिला म्हणून ते देऊळ वाचले, असे मला वाटते.

टेकड्यांना मात्र असा दिवा नव्हता. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांवर दर काही वर्षांनी नवी पांढरी माती घालावी लागते, भिंती लिंपाव्या लागतात, आणि ही माती आणायची कोठून, तर गावाच्या जुन्या पांढरीतून. शिवाय शतकांच्या राखेने आणि शेणाने पुष्ट झालेली ती माती शेतात खत म्हणूनही चांगली. तेव्हा बैलगाड्या लागत, कुदळी चालत, आणि सातवाहनांच्या काळचे नगर पाटीपाटीने लोकांच्या धाब्यावर आणि रानात जाऊन पडे. यात कोणाचा गुन्हा नव्हता. गरजवंताने जवळची माती घेतली, इतकेच. पण त्या प्रत्येक पाटीबरोबर एखादी मृण्मयी, एखादे नाणे, एखादा साचा बाहेर पडे. मुले शंखाच्या बांगड्यांच्या तुकड्यांशी खेळत, आणि पहिला पाऊस पडून गेला म्हणजे टेकडीच्या उतारावर अकीकाचे धुतलेले मणी उन्हात लुकलुकू लागत.

हे लुकलुकणे ज्यांनी वाकून उचलले ते रामलिंगप्पा लामतुरे. ते पुराणवस्तुखात्याचे अंमलदार नव्हते, की विद्यापीठाचे पंडित नव्हते. ते त्याच गावचे एक गृहस्थ होते, आणि निजामाच्या राज्यातील एका खेड्यात राहून, कोणी सनद दिलेली नसता, कोणी तैनात बांधून दिलेली नसता, त्यांनी आपल्या गावच्या पांढरीतून निघणारी वस्तू पदरमोड करून आपल्या घरी जमविण्यास आरंभ केला. हैदराबाद संस्थानचे पुरातत्त्वखाते 1914 साली स्थापन झाले आणि गुलाम यझदानी यांच्यासारखा थोर विद्वान त्याला लाभला हे खरे. परंतु अजिंठा-वेरूळचा भार वाहणाऱ्या त्या खात्याने तेरच्या प्रत्येक बैलगाडीमागून चालावे, ही अपेक्षा कोणी करू नये. बैलगाडीमागून चालायला गावचाच माणूस लागतो. त्याला कोणाचा खड्डा कोठे चालला आहे हे ठाऊक असते, कोणाच्या पोराच्या खिशात काय आहे हे ठाऊक असते, आणि मुख्य म्हणजे त्याच्या हाती वस्तू देताना देणाऱ्याला सरकारदरबारची धास्ती वाटत नाही. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह पुढे राज्य शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज त्याच गावात लामतुऱ्यांच्याच नावाने उभा आहे.

त्या दालनांत मी किती वेळ उभा होतो हे मला सांगता यायचे नाही. केओलिन नावाच्या नितळ पांढऱ्या मातीच्या त्या मूर्ती दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून, मग ते दोन अर्ध एकमेकांना जोडून, आतून पोकळ अशा घडविलेल्या आहेत. केसांची ठेवण, कानांतील कुंडलांचा भार, गालावर नुकतेच उमटू लागलेले स्मित, सारे काही बोटभर उंचीत. शेजारी साचे आहेत, आणि मूर्तीहूनही साचा मला अधिक बोलका वाटला, कारण मूर्ती परगावाहून येऊ शकते, पण साचा असतो तेथे कारागीर असतोच. रोमन धर्तीचे दिवे आहेत. रोमन नाण्यांवरून उठविलेल्या आणि गळ्यात अडकविण्यासाठी भोक पाडलेल्या मातीच्या चकत्या आहेत. ज्या बाईला सोन्याचे नाणे परवडले नसेल तिने ही मातीची मोहोर दोऱ्यात ओवली असेल, आणि समुद्रापलीकडच्या कोणा सम्राटाचा मुखवटा तेरणेच्या पाण्यावर घागर भरताना तिच्या गळ्यात हेलकावला असेल. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट आहे. लाकूड इतकी शतके टिकले याचे नवल करावे की त्यावर चाललेल्या पटाशीचे, हे ठरविता येत नाही.

आणि ती हस्तिदंती स्त्री आहे. उभी, अलंकारमंडित, आरशाची मूठ असावी असा तिच्याविषयी तर्क आहे. इटलीत इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिची आणि या तेरच्या मूर्तीची घडण पाहणाऱ्याला दोघी बहिणी वाटाव्यात इतकी जवळची. एक बहीण गाड्यांतून, गलबतांतून परदेशी गेली आणि ज्वालामुखीच्या राखेत निजली. दुसरी घरीच राहिली आणि चुलीच्या राखेत. पहिलीला शोधण्यासाठी एका राष्ट्राचे उत्खनन लागले, आणि दुसरीची जपणूक एका खेड्यातील घराने केली.

शास्त्रज्ञांचा या प्रकारच्या संग्रहावर एक आक्षेप असतो, आणि तो न्याय्य आहे. वस्तू कोणत्या थरातून निघाली, तिच्या वर काय होते आणि खाली काय होते, हे नोंदले नाही तर तिचा काळ केवळ शैलीवरून अदमासावा लागतो. तेर येथे पुढे शास्त्रशुद्ध उत्खनने झाली, चापेकर यांचा त्यावरील अहवाल 1969 सालचा आहे, आणि थरांची जी साक्ष त्यांतून मिळाली ती कोणत्याही घरगुती संग्रहातून मिळाली नसती. हे सर्व मान्य करूनही मी विचारतो, की लामतुऱ्यांनी ती मूर्ती उचलली नसती तर ती त्या थरात शास्त्रज्ञाची वाट पाहत थांबली असती काय? ती कोणाच्या तरी धाब्यावर गेली असती आणि पावसाने विरघळली असती. 1960 साली डग्लस बॅरेट यांनी तेरवर पुस्तिका लिहिली. जगातील पंडितांनी तेरची दखल घ्यावी असे काही तेरमध्ये शिल्लक होते, ते कोणीतरी वेळेवर वाकले म्हणून.

या वाकण्याची आपल्याकडे एक परंपरा आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेतील शिक्षकाची नोकरी सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरातील कागद वाचले आणि छापले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून, प्रसंगी वाण्याच्या दुकानातून कागद सोडवून आणले. 1926 च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास त्यांचा देह पडला तेव्हा मागे राहिलेली त्यांची दप्तरे सांभाळण्यासाठी धुळ्याच्या लोकांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने मंडळ उभे केले. राजधानी नसलेल्या गावांनी हे केले, ही गोष्ट मी मुद्दाम अधोरेखित करतो.

मला हे इतक्या कळकळीने लिहावेसे वाटते त्याला एक घरगुती कारण आहे. आमच्या वाड्याच्या माळ्यावर लाल रुमालांत बांधलेली चार-पाच दप्तरे होती. मोडी कोणाला येत नव्हती, कागदांना कसर लागली होती, आणि एका हिवाळ्यात सरपण ओले निघाले म्हणून ती दप्तरे एकेक करून न्हाणीघरातील बंबात गेली. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो आणि ते कागद सोडून बंबात घालण्याचे काम माझ्याकडेच होते. एका कागदावर काळी गोल मोहोर होती, ती पाहून मी क्षणभर थांबलो होतो. आणि मग पाणी तापले नाही म्हणून आतून हाक आली. त्या मोहोरेत काय अक्षरे होती हे आता कधीही कळणार नाही.

गोरोबाकाकांची एक कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमेळ्यात कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पाहण्यासाठी त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोके दिले, आणि ठोक्याच्या नादावरून निवाडा केला. कुंभाराचे ते ज्ञान हाताचे होते. गावचा माणूस गावची वस्तू हातात घेतो तेव्हा त्यालाही असाच एक नाद ऐकू येतो, जो बाहेरून आलेल्याला पुष्कळ ग्रंथ वाचून ऐकावा लागतो. मात्र तो नाद त्याने कागदावर उतरविला नाही तर त्याच्याबरोबरच तो जातो. म्हणून आज गावोगाव जी तरुण मंडळी शाळेच्या एखाद्या खोलीत, देवळाच्या ओवरीत जुनी जाती, वजने, मापे, नाणी, कागद मांडून ठेवीत आहेत, त्यांना माझी एकच विनंती आहे: वस्तूबरोबर चिठ्ठी ठेवा. कोठे सापडली, कोणी दिली, कोणत्या दिवशी, गावात तिला काय म्हणतात, एवढे चार शब्द पुरेत. जमिनीतून धनाची वस्तू निघाली आणि तिचे मोल दहा रुपयांहून अधिक असेल तर कलेक्टरांकडे वर्दी द्यावी हा 1878 चा कायदा आहे. तोही पाळा, लपविलेली वस्तू अखेरीस कोणाच्याच गावाची राहत नाही.

आणि वाचकहो, चैत्रात तेरला जाल तेव्हा समाधीवर माथा टेकून झाल्यावर चार पावले पुढे जा, त्या हस्तिदंती स्त्रीसमोर थोडे उभे राहा. घरी परतल्यावर माळ्यावर एखादा लाल रुमाल असेल तर तो खाली काढा, गाठ सोडा, आणि मोडी जाणणारा कोणी भेटेपर्यंत तो कोरड्या जागी ठेवा.